घर घेताना काय सोडावे, काय सोडू नये

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि बेताचे उत्पन्न असलेल्या जोडप्याला सोयीच्या ठिकाणचे, पुरेशा आकाराचे, नव्या इमारतीतले आणि निर्वेध कागदपत्रांचे घर आपल्या ऐपतीत मिळणे बहुधा अशक्य असते, आणि त्यामुळे या चारांपैकी कशावर पाणी सोडायचे हे ठरवणे हाच त्यांच्या घरशोधाचा खरा गाभा ठरतो. व्यवहारात मात्र ही निवड विचारपूर्वक होताना दिसत नाही. जाहिरातीतील किंमत पाहून साइटवर जायचे, सजवलेल्या सॅम्पल फ्लॅटला भुलून टोकनची रक्कम द्यायची, मग कर्जासाठी बँकेत धाव घ्यायची आणि कागदपत्रे सर्वांत शेवटी, तीही वरवर पाहायची, असा रूढ क्रम आहे. या क्रमामुळे जिथे तडजोड चालली असती तिथे जोडपी हटून बसतात आणि जिथे ती मुळीच चालत नाही तिथे नकळत मान तुकवतात. आकार, मजला, सजावट आणि इमारतीचे वय यांत कमीजास्त करता येते. अंतर आणि पाणी यांतली तडजोड महाग पडते. कागदपत्रांतील आणि मालकीहक्कातील तडजोड मात्र कोणत्याही किमतीत परवडत नाही.

भाड्याच्या खोलीपासून मालकीच्या फ्लॅटपर्यंत

घर विकतच घेतले पाहिजे ही समजूत महाराष्ट्राच्या शहरांत फार जुनी नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि तिच्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. गिरणगावातील बहुसंख्य कुटुंबे कित्येक दशके भाड्याच्या खोलीतच राहिली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवल्यामुळे भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे मालकांना किफायतशीर राहिले नाही. परिणामी एकीकडे पागडी, म्हणजे नाममात्र भाड्याच्या जागेसाठी एकरकमी मोठी रक्कम मोजण्याची पद्धत, पसरत गेली आणि दुसरीकडे मालकीच्या फ्लॅटची बाजारपेठ उभी राहिली. या बाजारपेठेला शिस्त लावण्यासाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकीच्या सदनिकांविषयीचा ‘मोफा’ हा कायदा केला.

कायदा होऊनही फसवणूक थांबली नाही. ‘मुंबईचा जावई’ या १९७० च्या मराठी चित्रपटाने चाळीतल्या नवविवाहितांची जागेअभावी होणारी कुचंबणा दाखवली, तर १९७७ च्या ‘घरौंदा’ या हिंदी चित्रपटातील नोकरदार जोडपे पै पै साठवून बिल्डरला पैसे देते आणि तो पैसे घेऊन परागंदा होतो. खरेदीदाराच्या पैशावर कायद्याची थेट देखरेख यायला २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच ‘रेरा’, उजाडावा लागला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणारे महारेरा हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करत आहे.

जाहिरातीतील किंमत आणि हाती लागणारी किंमत

जाहिरातीत छापलेला आकडा आणि घर ताब्यात येईपर्यंत खिशातून जाणारी रक्कम यांतील अंतर न मोजल्यामुळे अनेकांचे अंदाजपत्रक पहिल्याच टप्प्यावर कोलमडते. ठाण्यात किंवा पुण्यात ५० लाख रुपयांना मिळणारे, अद्याप बांधकाम चालू असलेले घर उदाहरणादाखल घेता येईल. महापालिका हद्दीतील मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार धरून, ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख रुपये होते. मुंबईत हाच दर ६ टक्के आहे. नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का असले तरी त्याला ३० हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगर क्षेत्रात ६०, तर पुण्यात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या घराला हा कर १ टक्का, तर इतर घरांना ५ टक्के असल्यामुळे या उदाहरणात आणखी अडीच लाखांची भर पडते. अशा रीतीने ५० लाखांचे घर ५६ लाख ३० हजारांवर जाते. वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क, सोसायटीची आगाऊ देखभाल वर्गणी, वीजमीटर आणि किमान फर्निचर यांचा हिशेब त्यानंतर करायचा असतो.

मुद्रांक शुल्काची आकारणी केवळ करारातील किमतीवर होत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. राज्य सरकार दरवर्षी विभागवार जे मूल्यदर जाहीर करते, ज्यांना व्यवहारात ‘रेडी रेकनर’ म्हणतात, त्यांनुसार येणारे मूल्य आणि करारातील किंमत यांपैकी जे अधिक असेल त्यावर शुल्क भरावे लागते.

बँक यांपैकी किती रक्कम देईल याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातल्या आहेत. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढेच कर्ज मिळू शकते, आणि सर्वसाधारणपणे मुद्रांक व नोंदणी शुल्क या किमतीत धरले जात नाही. म्हणजे वरील घरासाठी बँक जास्तीत जास्त ४० लाख रुपये देईल आणि उरलेले सव्वासोळा लाखांहून अधिक रुपये जोडप्याला स्वतः उभे करावे लागतील. त्यामुळे ‘महिन्याला किती हप्ता झेपेल’ या प्रश्नाच्या आधी ‘हातात रोख किती आहे’ हा प्रश्न विचारायला हवा, कारण बेताच्या उत्पन्नाच्या जोडप्याचे अंदाजपत्रक बहुतेक वेळा तिथेच ठरते.

दोन पगार आणि एक हप्ता

पतिपत्नी दोघांचे उत्पन्न एकत्र धरल्यास मोठे कर्ज मंजूर होते, आणि नेमक्या याच सोयीत धोका दडलेला असतो. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो. एकाचा हातात पडणारा पगार ४५ हजार आणि दुसऱ्याचा ४० हजार असेल, तर हा हप्ता एकत्रित उत्पन्नाच्या सुमारे ४१ टक्के होतो आणि बँकेच्या हिशेबात तो बसू शकतो. यांपैकी ४० हजारांचा पगार काही महिने थांबला, तर मात्र हप्ता भागवून हातात जेमतेम दहा हजार रुपये उरतात. कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा असली, तरी कंत्राटी आणि असंघटित क्षेत्रातील अनेक स्त्रियांपर्यंत ती पोहोचत नाही. खासगी नोकरीतील कपात किंवा घरातील आजारपण येणार नाही याचीही शाश्वती कोणी देऊ शकत नाही. म्हणून हप्ता ठरवताना दोघांच्या पगारांची बेरीज करण्यापेक्षा एकाच पगारावर घरखर्च आणि हप्ता मिळून किती महिने निभावता येतील हे पाहणे आणि किमान सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते.

कर्जाच्या मुदतीचाही असाच विचार करावा लागतो. वरील कर्ज वीस वर्षांत फेडल्यास एकूण सुमारे ८३ लाख ३० हजार रुपये भरले जातात. मुदत पंधरा वर्षे केल्यास हप्ता सुमारे ३९,४०० रुपयांवर जातो, परंतु एकूण परतफेड सुमारे ७० लाख ९० हजारांवर येते. महिन्याच्या साधारण ४,७०० रुपयांच्या फरकाने सव्वाबारा लाखांहून अधिक रक्कम वाचते. पंधरा वर्षांचा हप्ता झेपणारा नसला तरी निराश होण्याचे कारण नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी दंड आकारता येत नाही, त्यामुळे लांब मुदतीचे कर्ज घेऊन बोनस किंवा पगारवाढीची रक्कम मुद्दलात भरत राहण्याचा मार्ग खुला असतो.

नवे घर की जुने

बांधकाम चालू असलेले घर तुलनेने स्वस्त वाटते आणि त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात, परंतु ताबा मिळेपर्यंत जोडप्याला राहत्या जागेचे भाडे आणि बँकेने तोवर वितरित केलेल्या रकमेवरील व्याज, ज्याला ‘प्री-ईएमआय’ म्हणतात, असे दोन्ही खर्च एकाच वेळी सोसावे लागतात. ताबा लांबला तर हा दुहेरी भारही लांबतो. रेरा कायद्यानुसार विलंबाबद्दल व्याज मागता येते, पैसे परत घेऊन व्यवहारातून बाहेरही पडता येते. तथापि आदेश मिळवणे आणि त्याची वसुली होणे यांत वेळ जातो, आणि हातात शिल्लक नसलेल्या कुटुंबाकडे नेमका वेळच कमी असतो.

पुनर्विक्रीचे, म्हणजे आधीच्या मालकाकडून घ्यायचे घर या अडचणीतून सोडवते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतील अशा घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही, पाणी किती दाबाने येते हे नळ सोडून पाहता येते आणि शेजाऱ्यांना विचारून सोसायटीची स्थिती समजते. त्याच्या मोबदल्यात जुने प्लंबिंग, लिफ्टचा अभाव, अपुरे पार्किंग या गैरसोयी पत्कराव्या लागतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. तो अहवाल मागून पाहिल्यास येऊ घातलेल्या मोठ्या दुरुस्तीचा अंदाज येतो. पोहण्याचा तलाव आणि क्लब हाउस असलेल्या संकुलाचा देखभाल खर्च आयुष्यभर भरावा लागतो, हे लक्षात घेतले तर साध्या चारमजली इमारतीतील घराचे आर्थिक आकर्षण वाढते.

घराच्या आकाराबाबतही शब्दांना न भुलता मोजमाप पाहावे. पूर्वी ‘सुपर बिल्टअप’ क्षेत्र सांगण्याची प्रथा होती, ज्यात जिना, लिफ्ट, व्हरांडा यांतील हिस्साही धरला जाई. रेरा कायद्याने चटई क्षेत्र, म्हणजे ‘कार्पेट एरिया’, हाच विक्रीचा आधार ठरवला आहे. त्यात घराच्या आतील वापरण्याजोगी जागा आणि आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची येत नाहीत. दोन घरांची तुलना करायची ती सर्व खर्चांसह येणाऱ्या किमतीला चटई क्षेत्राने भागूनच.

स्वस्त घराचे महाग अंतर

बजेट कमी असले की शोध शहराबाहेर सरकतो. मुंबईत तो विरार, नालासोपारा, टिटवाळा, बदलापूर, नेरळ, कर्जतकडे वळतो, तर पुण्यात वाघोली, मोशी, उंड्री, तळेगावकडे. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि गर्दीच्या वेळी ते रोज दोनदा कापणाऱ्या माणसाचे दिवसाचे तीन ते चार तास प्रवासात जातात. जोडप्याच्या बाबतीत हा हिशेब दुहेरी असतो, कारण दोघांची कार्यालये क्वचितच एका दिशेला असतात. एकाचे काम हिंजवडीत आणि दुसऱ्याचे हडपसरला असेल, तर पुण्याच्या कोणत्याही टोकाला घेतलेले घर एकाला जवळ आणि दुसऱ्याला दूर पडते. अशा वेळी कोणाची नोकरी अधिक महत्त्वाची हे न बोलताच ठरून जाते आणि बहुधा पत्नीच्या वाट्याला लांबचा प्रवास किंवा नोकरी सोडणे येते. तिने नोकरी सोडली, तर ज्या दोन पगारांच्या भरवशावर कर्ज काढले तो भरवसाच ढासळतो. म्हणून अंतराची तुलना किलोमीटरमध्ये न करता दोघांच्या प्रवासाचे तास, तिकीट-पेट्रोलचा खर्च आणि मूल झाल्यावर त्याला सांभाळणारे पाळणाघर किंवा नातेवाईक जवळ असण्याची शक्यता यांच्या आधारे करावी.

पाण्याचा प्रश्नही असाच आहे. महापालिकेत नव्याने आलेल्या किंवा हद्दीलगतच्या गावांतील अनेक संकुले टँकरवर अवलंबून आहेत आणि तो खर्च मासिक देखभालीत येतो. साइट एप्रिल-मे महिन्यात, तीही कामाच्या दिवशी सकाळी पाहिली, तर पाणी आणि रहदारी या दोन्हींचे खरे रूप दिसते. एकदा भर पावसाळ्यात गेल्यास रस्ता आणि गळतीही कळते.

कागदपत्रांत तडजोड नाही

कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारतींवर २०२५ च्या सुरुवातीला कारवाई झाली. या दोन्ही ठिकाणी घरे घेणारे बव्हंशी बेताच्या उत्पन्नाचेच होते. रेरा क्रमांक आवश्यक आहे, पण तो एकटा पुरेसा नाही, हे या घटनांनी दाखवून दिले.

तपासणीचा गाभा थोडक्यात असा मांडता येतो. जमिनीची मालकी सातबारा उताऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डवर, कोणाच्या नावे आहे, शेतजमीन असल्यास ती बिनशेती झाली आहे का, बांधकामास प्रारंभ प्रमाणपत्र मिळाले आहे का आणि ते कितव्या मजल्यापर्यंत आहे, इमारत पूर्ण झाली असल्यास भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे प्रथम पाहावे. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे मंजूर आराखड्याप्रमाणे इमारत बांधली गेली असून ती राहण्यास योग्य आहे, असा नियोजन प्राधिकरणाचा दाखला होय. ही कागदपत्रे विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर न पाहता संबंधित महापालिकेकडून पडताळून घ्यावीत. पुनर्विक्रीच्या घरात पहिल्या खरेदीपासूनचे सर्व नोंदणीकृत करार, प्रत्येक व्यवहाराची ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीचा उतारा, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि विक्रेत्यावर कर्ज असल्यास त्याच्या बँकेचे थकबाकीपत्र लागते. तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊन वकील जो अहवाल देतो, त्याची फी घराच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते आणि तिथे काटकसर करणे आत्मघातकी ठरते.

रेरा कायद्याने दिलेली दोन संरक्षणे विशेष लक्षात ठेवावीत. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याला त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. स्वस्त घरांचे अनेक प्रस्ताव नेमके अशा छोट्या इमारतींतून येतात, म्हणून तिथे स्वतःची तपासणी अधिक कडक असावी. व्यवहाराचा काही भाग रोखीने मागणाऱ्याला नकार द्यावा, कारण त्या रकमेवर कर्ज मिळत नाही, पावती मिळत नाही आणि वाद झाल्यास ती सिद्धही करता येत नाही.

दोघांचे घर, दोघांची नावे

सहकर्जदार आणि सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जाच्या कागदांवर सही करणारा परतफेडीला बांधील होतो. मालकीहक्क मात्र खरेदीच्या करारात नाव असणाऱ्यालाच मिळतो. पत्नीचा पगार आणि दागिने घरात गेले, पण करारात तिचे नाव नाही, अशी स्थिती अनेक कुटुंबांत असते आणि मतभेद किंवा मृत्यूनंतर तिला आपला वाटा सिद्ध करत बसावे लागते. करारात दोघांची नावे आणि शक्य असल्यास हिश्शांचे प्रमाणही लिहावे. आईवडिलांनी मदत केली असल्यास ती बँकेमार्फत घेऊन ती देणगी आहे की उसनवारी हे लेखी नोंदवावे.

महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ५० लाखांच्या घरावर ५० हजार रुपये वाचतात. पतीचे नाव जोडल्यास ही सवलत मिळत नाही, तेव्हा बचत आणि संयुक्त मालकी यांतील निवड दोघांनी उघडपणे करावी. सोसायटीत केलेले नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे, हेही समजून घ्यावे. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता पती वारल्यास त्याच्या हिश्शात पत्नी आणि मुलांबरोबर त्याच्या आईचाही समान वाटा असतो. म्हणून घराच्या नोंदणीनंतर दोघांनीही मृत्युपत्र आणि कर्जाच्या रकमेइतका मुदतीचा विमा करणे गरजेचे आहे.

सरकारी वाटा

खुल्या बाजाराबरोबरच म्हाडा आणि सिडको या सरकारी संस्थांच्या घरांच्या सोडतींकडेही लक्ष ठेवावे. म्हाडा उत्पन्न गट ठरवताना पतिपत्नी दोघांचे वार्षिक उत्पन्न एकत्र धरते आणि दोघांपैकी कोणाच्याही नावे संबंधित क्षेत्रात घर नसावे अशी अट असते. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या खासगी प्रकल्पांतील अल्प उत्पन्न गटांसाठी राखीव २० टक्के घरेही याच सोडतीतून मिळतात. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात, वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत आणि घराची किंमत ३५ लाखांपर्यंत असल्यास, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदानाची तरतूद आहे. सोडतीत नाव लागेलच असे नाही, पण न लागल्यास अनामत रक्कम परत मिळते, त्यामुळे अर्ज करण्यात फारसे काही गमावण्यासारखे नसते.

घर पाहायला बाहेर पडण्यापूर्वी पतिपत्नींनी रोख रकमेचा हिशेब मांडावा, एका पगारावर काय निभेल ते तपासावे आणि प्रत्येकाने आपल्याला काय सोडता येईल व काय येणार नाही याची वेगळी यादी करून मग त्या दोन्ही याद्या जुळवून पाहाव्यात. लहान घर पुढे बदलता येते, जुन्या फरश्या बदलता येतात आणि कर्जही लवकर फेडता येते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतील घर घेतल्यावर मात्र खरेदीदाराच्या हातात फारसे काही उरत नाही. ज्या घराची कागदपत्रे मागितल्यावर विक्रेता टाळाटाळ करतो, ते घर कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे आणि गरज पडल्यास आणखी दोन वर्षे भाड्याने राहावे.